भिंतीच्या कडेवरची गोगलगाय

माझी आत्या जुन्या शिडाच्या होड्या दुरुस्त करते. धक्क्यावर तिला सगळे 'खोडकिडा' म्हणतात, कारण लाकूड दिसलं की ते पोखरून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. माझ्यातला भोचकपणा तिच्याकडूनच आला असावा. रजेच्या दिवशी लोक झोपा काढतात, आणि मी कुणाच्या तरी होडीच्या पोटात गुडघे मुडपून तिच्यासाठी बॅटरी धरून बसते.

या वेळची होडी एका निवृत्त नर्सबाईंची होती. डोलकाठीजवळ, होडीच्या आत, प्लायवुडची एक आडवी भिंत असते. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांचा सगळा ताण शेवटी तिच्यावर येतो. ती कुजली तर भर समुद्रात डोलकाठी आडवी व्हायची. बाईंना महिनाअखेरीला एकटीनंच समोरच्या बेटावर, लेकीकडे जायचं होतं. नवऱ्यानं ही होडी जुनीच विकत घेतली होती, आणि आता तो नव्हता.

आत्या हातोडीनं भिंत ठोकत वरून खाली आली. वर खणखणीत आवाज. गुडघ्याच्या उंचीवर आवाज बसला. तिथे तिनं स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो भिजल्या पावात शिरावा तसा मुठीपर्यंत आत गेला. वरचं पॉलिश मात्र अजून चकचकीत होतं.

"पाणी वरून आलं असेल, तर वरचं लाकूड कोरडं कसं?" मी विचारलं.

"आत्ता कुठे शहाण्यासारखं विचारलंस. बॅटरी खाली धर."

खाली भिंतीचा पाय जाड लुकणात बसवून चहूकडून लिंपून टाकला होता. तारांच्या बोल्टपाशी झिरपलेलं पाणी भिंतीवरून ओघळायचं, खाली येऊन अडकायचं, आणि प्लायवुडची कापलेली कड ते वर्षानुवर्षं पीत बसायची. वर पाणी थांबतच नव्हतं, म्हणून वर काही झालं नव्हतं.

"पाण्याला जायला बोटभर भोक ठेवलं असतं तर ही भिंत आपल्या सगळ्यांना पुरून उरली असती," आत्या करवादली. "कुठल्या गाढवाचं काम आहे हे?"

दोन दिवस भिंत कापून सोडवताना तिनं त्या गाढवाचा येताजाता उद्धार केला. मलाही चेव चढला, मीही चार शब्द घातले. नर्सबाई थर्मासमधून चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "पण त्याचं नाव कळेल का हो? तो परत माझ्या होडीला हात लावायला नको."

"कळेल. भिंत बसवण्याआधी आम्ही लपणाऱ्या कडेवर पेन्सिलीनं आपली खूण करतो. कड सुटली की सांगते तुम्हाला. शब्द देते."

तिसऱ्या दिवशी कड सुटली. खालचा भाग हातातच चुरला, पण छताखालची कड ठणठणीत होती. तिच्यावर बावीस वर्षांपूर्वीची तारीख होती आणि शेजारी पेन्सिलीनं काढलेली एक गोगलगाय. आमच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलाच्या बुडाशी अगदी तीच गोगलगाय आहे. ते स्टूल आत्यानं केलंय.

आत्यानं गोगलगाईवरून अंगठा फिरवला.

"तेव्हा ही होडी निळी होती," ती म्हणाली. "मालक दुसरा, नाव दुसरं, आतली मांडणीही दुसरी. मी ओळखलीच नाही."

"पण तू तर भोक ठेवतेस."

"नंतर ठेवायला लागले. एकाची भिंत सहा वर्षांत कुजलेली पाहिली तेव्हापासून."

"आणि त्याच्या आधी बसवलेल्या?"

मी जीभ आवरायला हवी होती. आत्या कडेवरचा भुसा झटकत बसली, आणि मला तिचा राग आला. चूक कळली होती, मग मागच्या होड्यांकडे वळून का नाही बघितलं? राग आला आणि लगेच तिची कीवही आली. म्हणून मी म्हटलं, "हे लाकूड तसंही फेकायचंच आहे. मी बोलणार नाही."

कुजक्या फळीकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

दुपारी नर्सबाई आल्या. आत्यानं तो तुकडा त्यांच्या हातात दिला. "गाढव सापडलं," ती म्हणाली. "मीच."

बाईंनी तुकडा उलटासुलटा करून पाहिला. मग तो खाली ठेवून त्यांनी आधी तिघींचा चहा ओतला.

"नवी भिंत कोण बसवणार?"

"तुम्ही म्हणाल तो."

"तुम्हीच बसवा. पण भोक मी स्वतः बोट घालून बघणार."

आत्यानं मान हलवली. चहा संपवून ती उठली, तेव्हा मला वाटलं आता करवत घेईल. तिनं छोटी हातोडी घेतली.

"बॅटरी आण," ती मला म्हणाली. "भोकाशिवायच्या चौदा भिंती आहेत. त्यातल्या चार इथेच उभ्या आहेत."

पहिल्या होडीवर एक म्हातारे गृहस्थ दोर गुंडाळत बसले होते. आत्यानं खालूनच विचारलं, "काका, जरा आत येऊ का? तुमची भिंत मी बसवली होती."