उंच चेंडूला घाबरतो

पेणकरपाड्याच्या नाक्यावर, रिक्षा स्टँडच्या मागच्या भिंतीवर मंडळाचा एक काळा फळा होता. वर पत्र्याचं छोटं छप्पर, खाली खडू ठेवायला लाकडी पट्टी. मंडळाने तो गणपतीच्या आरतीच्या वेळा लिहायला लावला होता, पण बारा वर्षांत त्याचा मालक होऊन बसला काशीनाथ शिगवण. रोज सकाळी सातला, आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, हा साठीला टेकलेला गडी ओल्या फडक्याने फळा पुसायचा आणि देशाला चार शब्द सुनवायचा. देश ऐकत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

फळ्याचे त्याने दोन भाग केले होते. वर भारताचा फुटबॉल संघ, खाली नाका. सगळा मीरा रोड क्रिकेटने वेडा झालेला असताना याने क्रिकेटचं एक अक्षर कधी त्या फळ्यावर पडू दिलं नाही. वर लिहायचा, ‘शिबिराला तीस बोलावले, वीस ठेवले. उरलेल्या दहांना कारण कोण सांगणार?’ आणि खाली, ‘काशीमीऱ्याच्या रस्त्यावर गटाराचं झाकण पंधरा दिवस उघडं. कुणी पडल्यावर बसवणार का?’ कधी एक दिवसाआड येणारं पाणी, कधी उतारूंना न विचारता भाडं वाढवणारे रिक्षावाले, कधी साधा ताप आला तरी दवाखान्यासाठी बोरिवली गाठावी लागते म्हणून संताप. पण कशावरही लिहिलं तरी शेवटी दोन शब्द ठरलेले असायचे : कारण सांगा.

रिक्षावाले त्याची फिरकी घ्यायचे. “चाचा, आज किसको निकाला टीम से?” असं कुणी ओरडलं की हा मागे न बघता म्हणायचा, “पहिले पढ, फिर बोल.” त्याची हिंदी तेवढीच होती आणि तेवढी त्याला पुरत होती. लोक हसायचे, पण वाचायचे. गटाराचं झाकण सोळाव्या दिवशी बसलं तेव्हा तर नाक्याने त्याला चहा पाजला. माणूस सचोटीचा, असं सगळा पाडा म्हणायचा, आणि काशीनाथलाही ते ऐकायला फार आवडायचं.

फळ्यासाठी खडू पुरवायचा ईश्वर घवाळी. काशीमीऱ्याला वह्या-पेन्सिलींचं एक मोठं गोदाम होतं, तिथे तो रात्रपाळीचा वॉचमन. फुटलेल्या खोक्यांतले तुटके खडू गोदामवाल्याला विचारून तो कागदात बांधून आणायचा. पाळी संपवून साडेसातला नाक्यावर उतरायचा, पुडी पट्टीवर ठेवायचा आणि हात पाठीमागे बांधून वरचा भाग सावकाश वाचायचा. उंच, हाडापेराने रुंद, आणि पंजे एवढे मोठे की चहाचा ग्लास त्यात दिसायचा नाही. खालचा भाग तो वाचायचा नाही. गटारं त्याला रोज दिसतच होती.

दोन हजार चारच्या जून महिन्यात भारताचा संघ जपानमध्ये सात-शून्य असा हरला. दुसऱ्या दिवशी नाक्यावर जो तो गोलकीपरला शिव्या घालत होता, अगदी ज्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं तेसुद्धा. काशीनाथने खालचा भागही पुसून टाकला आणि पूर्ण फळाभर लिहिलं, ‘सात गोल खाल्ले म्हणून गोलरक्षकाला बोल लावण्याआधी त्याच्यासमोर बचावाला कोण उभं केलं ते विचारा. ज्यांना घरी बसवलं त्यांना का बसवलं ते विचारा. कारण सांगा.’

ईश्वरने ते दोनदा वाचलं. मग काशीनाथच्या खांद्यावर तो मोठा पंजा ठेवून म्हणाला, “हे तूच लिहू जाणे. माझ्यासाठी पण तू असाच भांडला होतास.”

काशीनाथच्या हातातला खडू मोडला. लोकांना वाटलं, रागाने मोडला.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. ठाण्याकडच्या एका कारखान्याचा फुटबॉल संघ होता आणि काशीनाथ त्याचा कप्तान. संघात जो निवडला जाई त्याची नोकरी कायम होई. न निवडलेला हंगामी कामगार सहा महिन्यांनी घरी जाई. त्या वर्षी गोलकीपरची एकच जागा होती आणि उमेदवार दोन. एक ईश्वर, रत्नागिरीकडून आलेला, पंचविशीचा, गोलमध्ये उभा राहिला की समोरच्याला जाळी दिसायची नाही. दुसरा नाथा, काशीनाथचा सख्खा धाकटा भाऊ, दोन वर्षं घरी बसलेला. चाचणीत ईश्वरने एक सोडून सगळं अडवलं. नाथाने एक सोडून सगळं सोडलं.

संध्याकाळी साहेबांनी कप्तानाला आत बोलावून विचारलं, “शिगवण, बॅकला तू खेळतोस. तुझ्या मागे कोण हवा?” काशीनाथच्या डोळ्यांपुढे गावची आई आली, नाथाचं जमत आलेलं लग्न आलं. तो म्हणाला, “नाथा.” साहेबांनी भुवया उंचावल्या. “आणि घवाळी?” तेव्हा काशीनाथ शिगवणने ते वाक्य उच्चारलं, “साहेब, तो उंच चेंडूला घाबरतो.”

एवढंच. लाच नाही, चिठ्ठी नाही, कुणाचा दबाव नाही. बाहेर ईश्वर नळावर तोंड धूत होता. त्याला बाजूला घेऊन काशीनाथ म्हणाला, “मी लय भांडलो रे तुझ्यासाठी. साहेब ऐकेना.” पहिल्या खोटेपणाला निदान भावाचं निमित्त होतं. दुसरा त्याने नुसता स्वतः चांगलं दिसावं म्हणून केला, आणि मला विचाराल तर तोच जास्त नीच होता.

ईश्वरने ते खरं मानलं आणि आयुष्यभर उपकार मानले. नोकऱ्या बदलत, हातगाडी ओढत, गोदामं राखत तो जगला. काशीनाथ मीरा रोडला आला, खोल्या स्वस्त आहेत म्हणाला, तर हाही मागोमाग आला. दिवाळीला पहिला फराळ काशीनाथकडे यायचा. असा माणूस रोज सकाळी समोर उभा राहून तुम्हाला खडू आणून देतो, तेव्हा तुम्ही काय करता? काशीनाथ दिल्लीतल्या निवड समितीला जाब विचारायचा.

ऑगस्टमध्ये ईश्वरने अंथरूण धरलं. फुफ्फुसं निकामी होत आली होती. बोरिवलीच्या डॉक्टरांनी दोन आठवडे ठेवून घेतलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. त्याची बायको मनोरमा चार घरचं काम सोडून उशाशी बसली. काशीनाथ रोज फळा लिहून झाला की त्यांच्या खोलीवर जायचा आणि आज काय लिहिलं ते ऐकवायचा. ईश्वरला आता तीन शब्दांनंतर दम लागायचा.

एक दिवस त्याने मनोरमाला चहा करायला पाठवलं आणि काशीनाथचा हात धरला.

“काशीनाथ, एक काम कर. माझं लिही फळ्यावर.”

“काय लिहू?”

“मी गोलकीपर होतो ते. लोकांना मी वॉचमनच वाटतो. आणि मला का काढलं ते लिही.” थोडा वेळ तो नुसता श्वास घेत राहिला. “तुला ठाऊक असणार. तू आत होतास. सव्वीस वर्षं मी ती चाचणी डोक्यात खेळतोय. तो तिसरा कॉर्नर माझ्या हातून निसटला, म्हणून ना? का मी साहेबांना नमस्कार केला नव्हता?”

“मला आठवत नाही रे,” काशीनाथ म्हणाला.

“आठव जरा. मी काय आता भांडायला जातोय? नुसतं कळलं तर बरं वाटेल.”

चहा आला. काशीनाथने तो गरम गरम घशाखाली ओतला आणि पायात चपला सरकवून निघाला.

त्या दुपारी तो नवघरला नाथाकडे गेला. नाथाने कारखान्यातून वेळेआधी निवृत्ती घेतली होती, वन रूम किचन घेतलं होतं, पोट सुटलं होतं. दोन मोसम खेळून गुडघ्याच्या निमित्ताने त्याने फुटबॉल सोडला होता, नोकरी मात्र पुढे बावीस वर्षं केली. काशीनाथने सगळं सांगितलं. नाथा टीव्हीचा आवाज कमी न करता ऐकत होता.

“आता कशाला उकरतोयस दादा? मरतोय ना तो. शांतपणे जाऊ दे.”

“तुझ्यासाठी केलं मी ते.”

“मी कधी म्हटलं होतं कर म्हणून?” नाथा उसळला. “मला गोलमध्ये उभंच राहायचं नव्हतं. उंच चेंडूला मी घाबरायचो. तूच ढकललंस.”

नाथाची बायको ममता पोहे घेऊन आली. काशीनाथने ते खाल्ले नाहीत. परतीच्या रिक्षात त्याला पहिल्यांदाच नीट उमगलं, की त्याने साहेबांसमोर खोटं असं रचलं नव्हतंच. भावाचा दोष उचलून दुसऱ्याच्या नावावर मांडला होता.

तरीही पुढचे नऊ दिवस तो गप्प राहिला. रोज जायचा, रोज ईश्वर बघायचा, विचारायचा नाही. हे बघणं मारण्यापेक्षा वाईट होतं. आठ सप्टेंबरला कोलकात्यात पुन्हा जपानशीच सामना होता. आदल्या दिवशी ईश्वरने फक्त एवढंच विचारलं, “या वेळी गोलमध्ये कोण?” आणि उत्तर ऐकून मान हलवली.

भारत चार-शून्य हरला. नऊ तारखेला सकाळी काशीनाथ नाक्यावर आला तेव्हा स्कोर वाचायला माणसं आधीच थांबली होती. त्याने फळा पुसला. ईश्वरने शेवटची आणलेली पुडी उघडली, त्यातल्या त्यात लांब खडू निवडला आणि लिहायला लागला. तोंडाने ते आपल्याला जमणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. फळ्यावर एकदा चढलं की मागे घेता येणार नाही, मग वर खोलीत जाऊन ईश्वरला सांगायचं, चल, खुर्चीत बसवून तुला खाली नेतो, स्वतःच्या डोळ्यांनी वाच. असा त्याचा बेत होता.

‘ईश्वर रामा घवाळी हा उत्तम गोलरक्षक होता. १९७८ साली त्याला कारखान्याच्या संघातून वगळलं. उंच चेंडूला घाबरतो, असं कारण दिलं. ते खोटं होतं. स्वतःच्या भावाला घेण्यासाठी खोटं बोलणारा कप्तान मी. – काशीनाथ शिगवण.’

मागे कुजबुज थांबली. एक रिक्षावाला म्हणाला, “चाचा, ये क्या लिखा है?” आणि दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसलं. काशीनाथ वळला तर पाच पावलांवर मनोरमा उभी होती. केस विस्कटलेले, पदर कसातरी खोचलेला. ती चौथीपर्यंत शिकलेली, अक्षरं जोडत जोडत वाचायची. ओठ हलत होते. तिचं वाचून होईपर्यंत कुणी हललं नाही.

“वहिनी,” काशीनाथ म्हणाला, “मी आता वरच येत होतो. त्याला दाखवायला.”

“सहाला गेले,” ती म्हणाली. “तुम्हाला सांगायलाच आले. फळ्यावर लिहायचं असतं ना.”

ती रडत नव्हती. फळ्याकडे बघत होती.

“पहाटे विचारत होते, काशीनाथ आला का. मी म्हटलं, उजाडू दे, येतील.” मग तिने हाताने फळ्याकडे खूण केली. “हे पुसा, भावोजी. जागा नाहीय. अकराला न्यायचं आहे, लोकांना कळायला पाहिजे.”

“वहिनी, हे राहू दे. बाजूला लिहितो मी, कडेला.”

“पुसा म्हणते ना. त्यांच्या नावाशेजारी तुमचं नाव नको.”

काशीनाथने फडकं उचललं. बारा वर्षं तो फळा पुसत आला होता, पण त्या दिवशी अक्षरं लवकर जाईनात, दोनदा फडकं भिजवावं लागलं. मग त्याने वर ‘दुःखद निधन’ लिहिलं, खाली नाव, वय एक्कावन्न. अक्षर त्याने बिघडू दिलं नाही. नावाखालची ओळ त्याने मोकळी सोडली होती. तिथे खडू टेकवून, मागे न बघता त्याने विचारलं,

“इथे गोलरक्षक लिहू? त्याची फार इच्छा होती.”

मनोरमाने फळ्यावरचं नाव एकदा अक्षरं जोडून वाचलं.

“नको,” ती म्हणाली. “लोक विचारतील, कुठल्या संघाचा.”

काशीनाथने त्या ओळीत अंत्ययात्रेची वेळ लिहिली आणि खडू पट्टीवर ठेवला.