गोणपाट धुवायचं नाही

डिसेंबरात तुम्ही दोघं आलात तेव्हा धाकटीनं बदकांच्या खुराड्यात डोकावून मला विचारलं होतं, "आजी, सगळं इतकं स्वच्छ आहे, मग हे घाणेरडं गोणपाट कशाला ठेवलंस?" मी दूध उतू जातंय असं सांगून आत निघून गेले. दूध उतू जात नव्हतं. उत्तर लांबलचक होतं आणि त्यात माझी फजितीही होती. आता तुम्ही परत गेला आहात, घर शांत आहे, म्हणून सावकाश लिहिते.

दिवाळी तोंडावर आली होती. आपल्या मागच्या गल्लीत राहणारी शेळ्यांची मावशी तुम्हाला ठाऊकच आहे. तिनं बदकाची अंडी कोंबडीखाली ठेवली होती. कोंबडीनं ती नेटानं उबवली, पण पिल्लं चार दिवसांची असताना बोक्यानं तिला नेलं. मावशी सकाळीच दुरडी घेऊन दारात उभी राहिली. दुरडीवर पदर झाकलेला आणि आतून चिवचिवाट.

"बाई, ही सात लेकरं ठेवून घ्या. माझ्याकडं कुत्रं हाय, शेळ्या हायेत, कुठं ठेवू? तुमच्याकडं लाईट हाय. बल्ब लावला की ऊब राहती."

मी म्हटलं, आठ दिवस ठेवते. आजोबांनी पेपरामागूनच विचारलं, "आठ दिवस कोण राहायला आलंय?"

मधल्या खोलीत, म्हणजे तुम्ही आलात की जिथं झोपता तिथं, मी कूलरचं रिकामं खोकं मांडलं. त्यात वर्तमानपत्रं अंथरली आणि वर बल्ब टांगला. रोज दोनदा कागद बदलायचे असं ठरवून टाकलं. पण गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकत होते, आणि दुसऱ्याच दिवशी एकाचा पाय वाकडा झाला. मावशीनं पाहिलं आणि मला सरळ रागावली. "कागदावर काय चालतेत ती? गोणपाट टाका की!" ज्वारीचं एक जुनं गोणपाट होतं, ते टाकलं आणि पिल्लं नीट चालायला लागली. ते मी रोज झटकायची, उन्हात घालायची, पण त्याचा वास काही जायचा नाही. वाकड्या पायाचं पिल्लू मात्र कायमचं लंगडत राहिलं.

त्याच संध्याकाळी तुमचा व्हिडिओ कॉल आला. धाकटीनं पडद्यावर बोट ठेवून पिल्लं मोजली आणि म्हणाली, "मी येईन तेव्हा सातच्या सात पाहिजेत." मी हो म्हटलं. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण वर्गात दिलेला शब्द कधी मोडला नाही. हा तर त्याहून मोठा शब्द होता.

पिल्लं भराभर वाढली. पिवळी लव जाऊन पांढरी पिसं आली, खोकं पुरेना, म्हणून अर्धी खोली फळ्या लावून त्यांना दिली. पाण्याचं भांडं दिसलं की चोच, मान, पाय सगळं त्यात बुडवायचं आणि भिंतीपर्यंत शिंतोडे उडवायचे. तुम्ही यायला पंधरा दिवस राहिले तेव्हा आजोबा त्या खोलीत घसरता घसरता वाचले. दाराला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "हे बघ, लेकरं येणार ती झोपायला येणार, पोहायला नाही. पुढच्या रविवारपर्यंत बदकं बाहेर राहायला शिकली तर ठीक. नाहीतर मावशीच्या भावाकडं, गंगेच्या काठी पाठवून देऊ."

गंगा म्हणजे आपली गोदावरी. तिथं बदकं मजेत राहिली असती, हे मलाही कळत होतं. पण मग तुम्हाला काय दाखवणार होते? रिकामं खोकं?

अंगणात लिंबाच्या झाडाजवळ मिस्त्रीकडून खुराडं बांधून घेतलं. मागं आणि बाजूंना विटा, वर पत्रा, पुढं जाळी. जाळीचा गुंडाळा आजोबांनी परभणीहून एसटीत मांडीवर घेऊन आणला. कंडक्टर म्हणाला म्हणे, "काका, पाहुण्याचं अर्धं तिकीट काढा." मी कॅलेंडरच्या मागं टाईमटेबल लिहिलं. सोमवारी एक तास बाहेर, मंगळवारी दोन, बुधवारी उन्हं उतरेपर्यंत, गुरुवारी कायमचं. पंखाखाली पिसं भरली का हे रोज पाहायचं, कारण त्या दिवसांत पहाटे चांगलीच थंडी पडायला लागली होती. आजोबांनी टाईमटेबल वाचलं आणि म्हणाले, "शाळेतून तू रिटायर झालीस, शाळा काही रिटायर झाली नाही."

बुधवारपर्यंत सगळं टाईमटेबलाप्रमाणे झालं. गुरुवारी मी पदर खोचला. खुराड्याला आतून चुना दिला, जमीन फिनेलनं धुतली, आरागिरणीतून आणलेला लाकडाचा भुसा पसरला, नवं भांडं ठेवलं. तोच हात मधल्या खोलीवरही फिरवला. फळ्या काढल्या, फरशी तीनदा पुसली, बल्ब उतरवला. गोणपाट दोन बोटांत धरून अंगणाच्या कोपऱ्यातल्या कचऱ्यावर टाकलं. वाळलेल्या पाल्याबरोबर रविवारी जाळून टाकू म्हटलं.

मावशी शेळ्या घेऊन चालली होती. भिंतीवरून खुराडं पाहून म्हणाली, "बाई, बदकं राहणार हायेत का नवरी नांदायला यायलीय?" मला ते कौतुक वाटलं.

संध्याकाळी एकही बदक आत जाईना. सातही जणं मधल्या खोलीच्या मागच्या दारापुढं रांगेत उभी, चोची दाराकडं. शेवटी आम्ही एकेकाला उचलून आत ठेवलं आणि कडी लावली. सकाळी पाहिलं तर सगळी पुढच्या जाळीला चिकटून बसलेली. मागचा भुसा जसाच्या तसा, एक पाऊलही उमटलेलं नाही.

शुक्रवारी तेच, उलट जास्त, कारण आता त्यांना आमचा डाव कळला होता. मी एका बाजूनं गेले की ती दुसरीकडं पळत. आजोबा "थांब, थांब" करत लिंबाला प्रदक्षिणा घालत होते. तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवर एक मुंगूस पुढचे पाय उचलून उभं राहिलेलं दिसलं. शांतपणे आमच्याकडं पाहत होतं. जे बदक उचलायचं राहून जाईल ते त्याचं, हे उघड होतं.

शनिवारी दिवे लागायच्या वेळेला मी मोजली तर सहा. पुन्हा मोजली. सहाच. लंगडं नव्हतं.

सहा जणांना आत कोंडून आम्ही शोधायला लागलो. लिंबाखाली, धुण्याच्या दगडामागं, सगळीकडं. ज्यांनी रविवारची मुदत दिली होती तेच आजोबा पायजमा वर खोचून नाल्याच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसले होते आणि "ये बाळा, ये" म्हणत होते. फोनवर तुमच्यासमोर कशी उभी राहणार होते?

"काय शोधायलात बाई?" भिंतीपलीकडून मावशी.

"लंगडं सापडत नाही गं. मुंगसानं तर नसेल नेलं?"

ती आत आली. इकडंतिकडं पाहिलंच नाही तिनं. म्हणाली, "त्येंचं जुनं अंथरूण कुठं टाकलं?"

मी कचऱ्याकडं बोट केलं. तिथं, घडी पडलेल्या गोणपाटाच्या मधोमध, चोच पाठीत खुपसून लंगडं झोपलं होतं.

मावशीनं कमरेवर हात ठेवले. "फिनेल तुमाला चांगलं वाटतं बाई. त्येला कसं कळावं, हे आपलं घर हाय म्हून? इतकं पुसलं तुमी, की त्येंचं काही ठेवलंच न्हाई."

मी गोणपाटाभोवतीचा पाला बाजूला सारला.

आजोबा वाकले, गोणपाटाची दोन टोकं धरली आणि हळूहळू ओढायला लागले. लंगड्यानं डोकं वर केलं, आजूबाजूला पाहिलं, पण उतरलं नाही. बसून राहिलं, पालखीत बसल्यासारखं. खुराड्याचं दार उघडताच आतली सहाही बाहेर आली. आम्ही अडवायला हात पसरले. ती पळाली नाहीत. गोणपाटाला वळसा घालून, तक्रार करत, त्याच्या मागं लागली आणि गोणपाट आत गेलं तसं तीही आत गेली. सगळी त्यावर दाटीवाटीनं बसली. एकालाही उचलावं लागलं नाही.

आजोबांनी कडी लावली आणि हात झटकत म्हणाले, "तुझ्या टाईमटेबलात गोणपाटाचा तास राहून गेला होता."

रविवारी आम्ही दोघं व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसलो. ऊन उतरलं तशी बदकं एकामागं एक आपली आपण खुराड्यात शिरली, लंगडं सगळ्यात शेवटी. आजोबांनी मुदतीचा विषयच काढला नाही. मीही काढला नाही. फक्त चहात त्यांना आवडते तशी जास्त साखर घातली.

सोमवारी तुमच्या खोलीची शेवटची आवराआवर होती. मागच्या सुट्टीत तुम्ही दोघांनी पांघरलेल्या गोधड्या कपाटातून काढल्या, बादलीत पाणी भरलं, साबणाची वडी हातात घेतली. मग वडी परत ठेवली. गोधड्या नुसत्या उन्हात टाकल्या आणि संध्याकाळी घडी करून पलंगावर ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांना न धुतलेलं पांघरूण दिलं. तुम्ही आलात त्या दिवशी धाकटी गोधडीत तोंड खुपसून जी झोपली, ती जेवायलासुद्धा उठली नाही.

तर त्या गोणपाटाची गोष्ट ही अशी. आता ते एका कोपऱ्यात फाटलंय. मावशी म्हणते, ते काढू नका, त्याच्यावरच दुसरं टाका, आणि तेही धुऊ नका. आज सकाळी मी दुसरं टाकलं. ते मात्र धुऊन टाकलं, एवढं मी तिचं ऐकलं नाही. संध्याकाळी सातही जणं त्यावरून चालत गेली आणि ते चोचीनं बाजूला सारून खालच्या जुन्यावर जाऊन बसली.