एका जोडातले दोन नंबर

सत्काराच्या खुर्चीत बसल्यापासूनच बूट कारखान्याच्या ताईंचा पारा चढत होता. सोळा दुकानांचा मालक माइकवर सांगत होता, "मी यांचा पहिला माल परत केला नसता, तर ताई आज इथे नसत्या. ठेच लागली म्हणून शहाणपण आलं."

काय पण उपकार! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

पाच वर्षांपूर्वी ताईंनी घराच्या पुढच्या खोलीत बूट शिवायला घेतले. कातडं कापायचं काम दिराचं. उजव्या पायाचे लाकडी साचे वडिलांचे, जुने. डाव्याचे वाळवीने खाल्ले होते, म्हणून तेवढे नवे आणले. जुन्या साच्यावरचा सात म्हणजे आजचा सहा, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. दोनशे जोड तयार झाले, आणि प्रत्येकातला डावा बूट एका नंबराने मोठा.

माल याच मालकाकडे गेला, आणि भरल्या दुकानात त्याने एक जोड काउंटरवर आपटला. "कापणाऱ्याचे डोळे तपासून घ्या," म्हणाला, आणि गिऱ्हाइकांसकट सगळे खो खो हसले. दीर तिथेच मान खाली घालून उभा होता. त्यानंतर आठ महिने त्याने सुरी हातात धरली नाही.

खोक्यांनी खोली भरली, अंथरूण टाकायला जागा उरली नाही. एक दिवस समोरच्या मास्तरीणबाई डोकावल्या. लहानपणीच्या दुखण्याने त्यांचा उजवा पाय लहान राहिला होता. त्यांनी सहज एक जोड घातला, जिन्यापर्यंत चालत गेल्या आणि पायरीवर बसून राहिल्या.

"जन्मभर दोन-दोन जोड घेत आले," त्या म्हणाल्या, "आणि एकेक बूट फेकत आले. अजून आहेत का असे?"

ताईंना वाट सापडली ती तिथे. कागदावर दोन्ही पाय ठेवा, पेन्सिल फिरवा, फोटो पाठवा. ज्या पायाला जो नंबर तोच मिळेल, किंमत मात्र एकाच जोडाची. परत आलेला माल हातोहात संपला. आज कारखान्यात अकरा माणसं आहेत.

आता मालकाला हेच बूट सोळाही दुकानांत हवे होते. करार त्याने तयारच आणला होता. अट एकच: दोन नंबर हवे असतील त्याने दोन जोड घ्यायचे. "पद्धतच आहे ती," असं त्याचं म्हणणं. मागणी घटली होती; सही केली नाही तर पुढच्या हंगामात चार माणसांना घरी बसवावं लागणार होतं, म्हणून बोलणं निघाल्यापासून आठवडाभर ताईंनी नकार कळवला नव्हता.

त्या उठल्या. रागातच माइकपाशी गेल्या.

"ठेच मला लागली आणि शहाणपण दगड सांगतोय. ज्यांच्याकडून तुम्ही जन्मभर दुप्पट घेतलंत, त्यांनी मला उभं केलं. त्यांना मी तुमच्या दारात पाठवणार नाही."

करार टेबलावर ठेवून त्या खाली उतरल्या. टाळ्या अगदी मोजक्या पडल्या.

बाहेर दीर वाट बघत होता. दोघं कारखान्याच्या दिशेने चालू लागले.

"कोणालाही घरी बसवायचं नाही," ताई म्हणाल्या. "काय ते आपण दोघं बघू."

"हो," तो म्हणाला. "वहिनी, चूक माझीच होती. माल परत केला त्याचं काही नाही. त्यांनी हसायला नको होतं."