क्लचसाठी एक पाय हवा

मोजणीदारांची जीप त्यांच्यापेक्षा सत्तावीस वर्षांनी लहान होती, पण दोघांना शेजारी उभं केलं तर कुणीही म्हणालं असतं की हे एकाच वर्गात होते. दोघांचे सांधे वाजायचे, दोघांचा रंग उडाला होता आणि दोघांनाही सकाळी सुरू व्हायला वेळ लागायचा. जमीनमोजणीच्या खात्यात त्यांनी तेहतीस वर्षं काढली. जिथे रस्ता संपतो तिथून त्यांची नोकरी सुरू व्हायची. ते निवृत्त झाले त्याच वर्षी खात्याने जीपही लिलावात काढली, ती त्यांनी घेतली. "खात्याने दोन्ही जुन्या वस्तू एकदमच बाहेर काढल्या, फक्त समारंभ माझा केला," असं ते सांगायचे आणि हसायचे. अलीकडे हसायला घरात दुसरं कुणी नसल्यामुळे तेही काम त्यांच्याच अंगावर पडलं होतं.

बायको मुलीकडे गेली होती. नात झाली तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून गेली, आता ती नात फोनवर आजोबांना "कोण बोलतंय?" असं विचारण्याइतकी मोठी झाली होती. बायको रुसून गेली असती तर समजूत काढायला जाता आलं असतं. आजारी असती तर चार माणसं विचारायला आली असती. ती बिचारी मजेत होती आणि रोज संध्याकाळी न चुकता फोन करत होती. अशा वेळी नवऱ्याने तक्रार करायची तरी कशाची? मोजणीदार करत नव्हते. ते एक ताट, एक वाटी, एक भांडं धुवायचे, पुसून फळीवर ठेवायचे आणि मग दुसरं ताटही उगीच एकदा पुसून घ्यायचे.

त्यात एका सोमवारी जीपच्या काचेवर नोटीस लागली. नोटीस लावणं हा वसाहतीच्या सेक्रेटरींचा स्वभाव होता. ते निवृत्त हेडमास्तर. हिरवळीवर नोटीस, लिफ्टमध्ये नोटीस, नोटीस फाडू नये अशीही एक नोटीस. ही मात्र गंभीर होती. 'आवारातील बंद वाहने शनिवारी दुपारी बारा वाजता उचलून नेण्यात येतील. वाहन चालू असल्यास ते स्वतःच्या शक्तीवर फाटकाबाहेर नेऊन दाखवावे.'

जीप बंद नव्हती. इंजिन खणखणीत होतं. फक्त क्लच बसला होता. चार महिने एका जागी उभी राहून क्लचचं तेल झिरपलं होतं आणि नळीत हवा शिरली होती. पेडल दाबलं की उशीवर पाय ठेवल्यासारखं वाटायचं आणि गिअर काही पडायचा नाही.

मोजणीदारांनी बायकोला नोटिशीचं सांगितलं नाही. "जाऊ द्या ना ती आता," असं ती म्हणाली असती, आणि नेमकं तेच त्यांना ऐकायचं नव्हतं. रविवारी दोघं त्या जीपमधून टेकड्यांवर जायची. मोजणीदारांचा हिशेब सरळ होता: जीप दारात उभी आहे तोवर बायको यायची आहे. जीप गेली की ती गेलीच, आणि मग दोन महिन्यांचे किती महिने झाले हे मोजावं लागेल. आयुष्यभर लोकांच्या हद्दी मोजलेल्या ह्या माणसाला तेवढं एक मोजायचं नव्हतं.

मंगळवार ते गुरुवार त्यांनी एकट्याने होणारी सगळी कामं उरकली. गिअरबॉक्सचं काळं झालेलं ऑइल खाली तसराळ्यात सोडलं आणि नवीन भरलं. बाजूचा बोल्ट उघडून भोकात करंगळी घालून पातळी बघितली. चारही चाकांना ताकद देणाऱ्या दुसऱ्या खोक्यातही तसंच. शेजारच्या इमारतीतून कुणी बघत असतं तर त्याला वाटलं असतं, हा माणूस गाडीखाली कुणाशी तरी बोलतोय. बोलत होतेच. बोल्टशी.

शुक्रवारी क्लच घेतला आणि घोडं अडलं. क्लचमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. वर बसलेल्याने पेडल दाबून धरायचं, खाली झोपलेल्याने नळीच्या टोकाचा स्क्रू जरासा सैल करायचा. बुडबुडे निघतात. मग स्क्रू घट्ट, आणि त्यानंतरच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला की तेवढीच हवा परत आत. वर्षातून दोनदा हे काम नवरा-बायको मिळून करायची. ती वर पेपर वाचत बसायची आणि "धर" म्हटलं की "धरलंय" म्हणून पुढची बातमी वाचायची. खाली पडल्या पडल्या मोजणीदारांना अर्ध्या जगाच्या बातम्या कळायच्या.

त्यांनी मोजणीची जुनी लाकडी काठी काढली आणि पेडल आणि सीट यांच्यामध्ये ठोकून बसवली. खाली गेले, स्क्रू सैल केला, पेडल आणखी खाली गेलं, काठी सैल होऊन पडली, पेडल वर आलं आणि हवा आत. असं सतरा वेळा. सतराव्या वेळी ते काठीला म्हणाले, "तुला काही बोलत नाही, तुझा स्वभावच सरळ."

शनिवारी साडेदहाला सेक्रेटरी फाईल घेऊन आले.

"चालते का?"

"तुम्ही पाय दिलात तर चालेल."

"माझा पाय?"

"डावा. पंधरा मिनिटांसाठी."

सेक्रेटरींनी फाईल उघडून स्वतःचीच नोटीस वाचली. "यात 'स्वतःच्या शक्तीवर' असं म्हटलंय."

"गाडीच्या शक्तीवरच जाईल. तुमची शक्ती फक्त तिला शुद्धीवर आणण्यापुरती."

सेक्रेटरींनी सीटवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर बसले आणि फाईल मांडीवर घेतली. मोजणीदार खाली सरकले.

"दाबा. धरा. आता सोडतो."

सेक्रेटरींनी पाय उचलला. नळीने सुर्र करून हवा परत आत ओढली.

"मी सोडतो म्हटलं, तुम्ही का सोडलंत?"

"तुम्ही 'सोडा' म्हणालात."

"'सोडतो' म्हणालो. मी. स्क्रू."

"शेवटचं अक्षर वरपर्यंत आलं नाही. वर्गात असतात तर उभं केलं असतं."

"आता झोपलोय, नंतर उभा राहतो. दाबा."

दुसऱ्यांदा जमलं, तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा मोठा बुडबुडा निघाला आणि मोजणीदार भान हरपून ओरडले, "धर, धर, सोडू नकोस."



"सोडू नकोस?" सेक्रेटरींनी विचारलं. "मला?"

"चुकलं. सवय आहे."

"कुणाला असं म्हणायची?"

"घरी. ती बसायची तिथे."

वर फाईल बाजूला ठेवल्याचा आवाज झाला. मग सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाले, "धरलंय."

पावणेबाराला पेडल दगडासारखं घट्ट लागलं. पहिला गिअर आवाज न करता पडला. जीप फाटकातून बाहेर गेली, रस्त्याच्या टोकाला वळून परत आली. उचलायला आलेला माणूस आपला साखळदंड घेऊन कुरकुरत गेला. सेक्रेटरींनी फाईलमध्ये 'चालू' असं लिहिलं आणि पँटवरचा तेलाचा डाग निरखत म्हणाले, "पुढच्या वेळी आदल्या दिवशी सांगा. जुनी पँट घालून येईन."

संध्याकाळी फोन आला तेव्हा मोजणीदार जीपमध्येच बसले होते. आता नोटिशीपासून सगळं सांगितलं. बायको हसली. मग तिने विचारलं, "पेडल कुणी दाबलं?"

"सेक्रेटरींनी."

"त्या नोटीसवाल्यांनी? जमलं त्यांना?"

मोजणीदारांचा पाय पेडलवर होता. त्यांनी ते एकदा दाबून बघितलं. घट्ट होतं.

"छे," ते म्हणाले. "मऊच लागतंय अजून. हवा राहिली असणार. तू आलीस की परत एकदा काढू."

"जमेल हो त्यांना हळूहळू," बायको म्हणाली. "मला तरी कुठे पहिल्या दिवशी जमलं होतं? आणि अहो, माझा गुडघा आता तेवढा वाकतही नाही. त्यांनाच हाक मारत जा."

मागून नातीने आजीला बोलावलं. "ठेवते हं," ती म्हणाली.

"बरं," मोजणीदार म्हणाले, पण तोवर फोन बंद झाला होता.