खिळ्यावरचे तीन करदोडे

त्या तीन दोऱ्यांचा विसर मला अजून पडलेला नाही. नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळे पाहिले. पण एखादा तरुण अधिकारी भेटायला आला की मी त्याला हेच प्रकरण सांगतो, कारण यात ज्यांची चौकशी करायची होती ते आमच्याच खात्याचे लोक होते.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी धारवाडला एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. हुबळीत दुर्गदबैलजवळ एका सराफाच्या दुकानात घरफोडी झाली. कुलूप तोडलेले नव्हते, किल्लीने उघडलेले होते. तपास एका खास पथकाकडे गेला. या पथकाने आधीचे काही मोठे गुन्हे झटपट उघडकीस आणले होते आणि व्यापाऱ्यांनी त्यांचा हार घालून सत्कारही केला होता. गुन्हे इतके झटपट कसे उघडकीस येतात, हे विचारायची कोणाला गरज वाटली नव्हती.

ते कुलूप बाजारातल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून विकले गेलेले होते. पथकाने तिथल्या विक्रेत्याला भर बाजारातून जीपमध्ये घालून नेले. तिशीचा माणूस, लग्न झालेले नाही, धारवाडला सप्तापुरात थोरल्या बहिणीकडे राहणारा. बहीण शाळेत शिक्षिका. ती हुबळीच्या ठाण्यांत फिरली. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळाले, आमच्याकडे नाही. घर माझ्या हद्दीत असल्याने शेवटी ती माझ्याकडे आली. रडली नाही. खुर्चीत ताठ बसून म्हणाली, "साहेब, त्याला पोलिसांनी नेलं हे अख्ख्या बाजाराने पाहिलं. आता पोलीस म्हणतात, नेलंच नाही. मग हरवल्याची तक्रार कुणाची देऊ, भावाची की पोलिसांची?"

मी तक्रार भावाची घेतली.

पुढे तिच्या वकिलाने बेंगळुरूला उच्च न्यायालयात अर्ज केला. माणूस तुमच्या ताब्यात आहे का, असे न्यायालयाने सरकारला विचारले. वर्तमानपत्रांत पत्रे येऊ लागली, वकिलांनी सभा घेतली. पोलिसांचे एक बिनपत्त्याचे घर आहे, तिथे माणसे ठेवतात आणि मारतात, असे उघड बोलले जाऊ लागले. लोकांत मात्र दोन तट होते. सुभाष रोडवर मी ज्याच्याकडे केस कापायचो तो न्हावी कात्री चालवता चालवता म्हणाला, "चोराला काय आरती ओवाळायची, साहेब?" शेजारच्या खुर्चीत सप्तापूरचे एक प्राध्यापक दाढीला साबण लावून बसले होते. ते आरशातूनच म्हणाले, "तो चोर आहे हे ठरवलं कुणी? तू?"

"पोलिसांनी."

"मग कोर्ट कशाला पाहिजे? तिथेही तूच खुर्ची टाक."

न्हावी हसला. मला हसता आले नाही, कारण न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राचे काम माझ्याकडे आले होते आणि सही माझी जाणार होती. वरिष्ठांनी बोलावून सांगितले, "एक ओळ लिहायची. सदर इसम आमच्या ताब्यात नाही. सोमवारी कागद निघाला पाहिजे."

"तपासून लिहितो, सर."

"तपासा की. फक्त नको तिथे तपासू नका."

त्या एका ओळीचा अर्थ मला पक्का माहीत होता. न्यायालयाने ती मानली की अर्ज निकालात निघणार. मग तो माणूस सरकारच्या लेखी कुठेच नाही, आणि जो कुठेच नाही त्याचे काहीही झाले तरी कोणाला जाब द्यावा लागत नाही. माझी सवय अशी, की सही करण्याआधी काय पाहायचे ते कागदावर मांडायचे आणि पाहून झाले की खोडायचे. सगळ्या ठाण्यांच्या कोठड्या पाहिल्या, खोडल्या. रुग्णालये पाहिली, खोडली. शवागारही पाहिले. कागद संपला, माणूस सापडला नाही.

कागद संपला त्याच सकाळी ठाण्यात फोन आला. बोलणारा कन्नडमध्ये बोलत होता, नाव सांगायला तयार नव्हता. शहराबाहेरच्या एका बंद जिनिंग मिलचा ठिकाणा सांगून म्हणाला, "तिथं कापूस येत नाही, साहेब. भाकरी मात्र रोज आत जाते. खाणारं माणूस काही बाहेर येत नाही." एवढे सांगून त्याने फोन ठेवला. भाकरी पुरवणाऱ्या एखाद्या खानावळीतलाच तो असावा, असा माझा अंदाज आहे. मी त्याचा कधी शोध घेतला नाही.

पंच म्हणून त्या प्राध्यापकांनाच घेतले, दुसरा एक किराणा दुकानदार. दुपारी मिलवर पोचलो. फाटकापाशी स्टुलावर लुंगी-बनियनमधला एक पिकल्या मिशीचा माणूस बसला होता. लुंगीखाली पोलिसी तांबडे बूट होते. मला पाहताच तो उठून कडक उभा राहिला आणि मग आपण साध्या वेषात आहोत हे आठवून ढिला पडला. मी त्याला ओळखत होतो. दफेदार, म्हणजे हवालदार. बरीच वर्षे ठाण्यांतल्या कोठड्यांवर पहारा केलेला, शिस्तीचा माणूस.

"इथे काय काम, दफेदार?"

"गोदाम आहे, साहेब. सामानावर पहारा."

"कसलं सामान?"

"आता नाही. काल हलवलं."

आतल्या दोन खोल्या झाडून फिनाइलने पुसलेल्या होत्या. खिडक्या विटांनी बुजवलेल्या. बाकी काहीच नाही, साधा कपटाही नाही. दुकानदार पंच घड्याळ पाहू लागला. पंचनाम्यात "काही मिळून आले नाही" असे लिहून परतण्यापलीकडे काही उरले नव्हते.

निघताना दफेदाराच्या खोलीत डोकावलो. खाट, मडके, भिंतीवर बसवण्णांची तसबीर, खिळ्याला टांगलेला पंचा. पंच्याखालून काळे काहीतरी लोंबत होते. मी पंचा उचलला. खिळ्याला तीन करदोडे होते.

इथे थोडे सांगायला हवे. आमच्या भागात पुरुषाच्या कमरेला करदोडा असतो, कन्नडमध्ये त्याला उडदार म्हणतात. जुना झाला तर आधी नवा बांधायचा, मग जुना सोडायचा, कंबर मोकळी ठेवायची नाही. तोडतात तो फक्त प्रेतावरचा. पण कोठडीत माणूस घालताना पट्टा, पायजम्याची नाडी आणि करदोडा काढून घेतात, त्याने गळफास घेऊ नये म्हणून. बाकीच्या वस्तूंची नोंद होते. करदोड्याची कोणी करत नाही. तो पहारेकरी खिळ्याला टांगतो आणि सुटताना ज्याचा त्याला देतो. प्रत्येक ठाण्यात असा एक खिळा असतो.

"हे कुणाचे?"

"माझेच, साहेब."

"तिन्ही? कंबर एकच दिसते."

प्राध्यापकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मी आवाज चढवला नाही. चौकशीत मी एक पाळत आलो, खोटे बोलणाऱ्याला घाई करायची नाही. खाटेवर बसलो, त्यालाही बसवले, आणि जीप पाठवून त्या शिक्षिकेला शाळेतून बोलावून घेतले. ती येईपर्यंत आम्ही त्याच्या नातवंडांबद्दल बोललो. तो उत्तरे देत होता, पण नजर खिळ्याकडे जात होती.

ती दारातच थांबली. मी करदोडे पुढे धरले. मधल्या काळ्या गोफात एक लाल धागा होता आणि चांदीचा मणी. तिने तो हातात घेतला.

"हा आईने गुंफलेला. आई गेल्यापासून त्याने बदलला नव्हता." मग तिचा आवाज एकदम उतरला. "साहेब, हा अंगावरून निघाला म्हणजे... तोडला का?"

मी उत्तर देणार इतक्यात दफेदारच खाटेवरून उठला. "तोडलेला नाही, बाई. गाठ बघा, सोडलेली आहे. मीच सोडली. जिवंत आहे तो."

आपण काय बोललो हे त्याला दोन क्षणांनी कळले आणि तो खाली बसला.

"का सोडलीस?" मी विचारले.

"नियमच आहे की, साहेब. आत घालायच्या आधी काढायचं."

"आत म्हणजे? हे तर गोदाम ना?"

त्याने मान खाली घातली. मग सगळे सांगितले. सुटलेल्या माणसाचा करदोडा त्याला कचऱ्यात टाकवत नसे, ज्याचा त्याच्या हातात देई. हे तिघे मात्र सुटलेले नव्हते. आदल्या दिवशी न्यायालयाच्या प्रकरणामुळे गडबड उडाली, तिघांना जीपमध्ये कोंबले आणि करदोडे राहून गेले. खिळ्यावर जेवढे, तेवढे अजून आत. पथकाने धुऊन पुसून सगळे नाहीसे केले होते, पण दफेदाराच्या पंच्याखाली पाहायचे कोणाच्या डोक्यात आले नाही.

"कुठे नेलं?"

"कलघटगीच्या रस्त्याला, जुन्या सरकारी बंगल्यात. साहेब, लवकर जा. तिथनंही हलवायचं चाललंय."

वायरलेसवर बोललो असतो तर पथकानेही ऐकले असते. रस्त्यात एका टेलिफोन बूथवर थांबलो, बहिणीच्या वकिलाला सगळे सांगितले आणि बंगल्याचे ठिकाण लिहून घ्यायला लावले. आता माझी जीप अडवली गेली तरी बातमी बाहेर गेलेली होती. मग दोन्ही पंच, दफेदार आणि ती शिक्षिका अशी सगळी वरात बंगल्यावर गेली.

आवारात पथकाची जीप चालू अवस्थेत उभी होती. पथकाचा सब-इन्स्पेक्टर पायऱ्या उतरून आडवा आला. त्याच्या मागे काठ्या घेतलेले चौघे होते.

"साहेब, इथे तुमची हद्द नाही."

"माझ्या हद्दीतला माणूस हरवलाय. आत कोण आहे?"

"साक्षीदार आहेत. आपणहून आलेत. पाहुणेच म्हणा."

"पाहुण्यांच्या नाड्या कुठे आहेत?"

त्याला माझ्यामागे दफेदार दिसला आणि त्याचा चेहरा उतरला. तेवढ्या वेळात प्राध्यापक, ज्यांना आयुष्यात कोणी काठी दाखवली नसेल, सरळ पायऱ्या चढून आत गेले. त्यांच्यामागे मी. तिघे भिंतीला टेकून बसले होते. विक्रेत्याने उठायचा प्रयत्न केला. तळपाय सुजलेले, आणि दोन्ही मुठींत पायजमा घट्ट धरलेला. बहिणीला पाहून तो एवढेच म्हणाला, "अक्का, तू बाहेर थांब." आपण अशा अवस्थेत तिला दिसू नये, एवढीच त्या वेळी त्याची काळजी होती.

प्रतिज्ञापत्र सोमवारीच गेले. एका ओळीऐवजी तीन पाने झाली. वरिष्ठ म्हणाले, "खात्याची अब्रू घालवलीत." मी म्हटले, "सर, ती बंगल्यावर गेली होती, मी फक्त परत आणली." माझी बदली प्रशिक्षण शाळेत झाली. पथक मोडले, सब-इन्स्पेक्टरवर खटला चालला, दफेदाराची वेतनवाढ रोखली गेली. ज्यांनी ती मिल वापरायला तोंडी परवानगी दिली होती ते मानाने निवृत्त झाले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या तिघांत एक जण खरोखर त्या घरफोडीत होता. पण त्याच्याकडून जे वदवून घेतले त्याला न्यायालयात काडीची किंमत आली नाही आणि तो सुटला. सराफ मला म्हणाला, "तुमच्यामुळे चोर सुटला." मी त्याला समजावले की पथकाने कुलुपाच्या किल्लीचा माग नीट काढला असता तर चोर आतच राहिला असता. त्याला ते पटले नाही. माराने गुन्हा लवकर उघडकीस येतो, असे मानणाऱ्यांनी तो न्यायालयात टिकतो का, हेही पाहावे.

खटला लांबला. दफेदार निवृत्त होऊन साक्षीला आला. बचाव पक्षाच्या वकिलाने विचारले, मिलच्या दाराला कुलूप नव्हते, नोंदवही नव्हती, मग ती कोठडी कशावरून? दफेदार म्हणाला, "मी तिथे माणसांच्या नाड्या काढत होतो, साहेब. गोदामात असं कोण करतं?"

निकालानंतर मुद्देमाल परत मिळाला तेव्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात मीही होतो. विक्रेत्याने आईचा करदोडा घेतला आणि बाकावर बसलेल्या दफेदाराजवळ गेला.

"अण्णा, आईची गाठ फार घट्ट. तुम्ही सोडलीत कशी?"

"वेळ लागला," दफेदार म्हणाला. "कापला असता, पण मन होईना."

"आणि ते आत मारायचे तेव्हा तुम्ही कुठे असायचात?"

"दारात. स्टुलावर."

"मग आवाज येत असेल."

"हौदु री," दफेदार म्हणाला. म्हणजे हो, येत होता.

विक्रेत्याने मान हलवली, तिथेच सदरा वर करून करदोडा कमरेला बांधला आणि बहिणीबरोबर जिना उतरून गेला. दफेदार बराच वेळ बाकावरून उठला नाही.

प्रशिक्षण शाळेत मी नव्या मुलांना अटकेचे सगळे नियम शिकवले. नाडी काढायचा नियम मात्र शेवटी शिकवत असे. आधी नाव लिहायचे, वेळ लिहायची, घरी कळवायचे. हे झालेले नसेल तर त्या माणसाच्या कमरेला हात लावायचा नाही, आणि दारात स्टूल टाकून बसायचेही नाही.