दाऊदभाईंचं नापास नाणं

दाऊदभाईंच्या हातात सुटे पैसे पडले की माझी चुळबुळ सुरू व्हायची. दुबईतल्या दुकानात मागे दहा माणसं खोळंबलेली, आणि हे प्रत्येक नाणं दोन बोटांत कडेला धरून उजेडात फिरवणार. "यल्ला, चला ना दाऊदभाई!" मी ओरडायचो. "थांब रे सलीम, एखादं अमेरिकन निघायचं."

साठ सालानंतरची गोष्ट. आम्ही दोघे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका खोलीत राहायचो. ते शिपिंग ऑफिसात क्लार्क. खलाशांकडून अमेरिकन नाणी मिळवायचे. पाणी गाढवावरून डब्यांनी विकत यायचं, आणि हे गृहस्थ नाण्यांना शिवण्याआधी तांब्याभर पाण्यानं हात धुवायचे. "हात धुवायचे, नाणी नाही," हे वर मलाच. दोन वर्षांत मी ऐकणंच सोडलं होतं. मग जेवण निवत असताना व्याख्यान: "अमेरिकन नाण्यावर आधी बाई होती, मग रानरेडा आला, आता नुसते प्रेसिडेंट. डिझाइन खलास!"

जीव मात्र एका काळपट तांब्याच्या नाण्यात अडकलेला. टांकसाळ नवं चित्र ठरवण्याआधी नमुने, म्हणजे पॅटर्न, पाडते. हा त्यातलाच नामंजूर झालेला, असं त्यांचं म्हणणं. "पास झालेली लाखो आहेत रे. नापास हेच एक." ते खरं की खोटं, हे कुणी जाणकारानं सांगावं म्हणून ते वर्षभर तेलकंपनीतल्या एका अमेरिकन साहेबाच्या मागे लागले होते. शेवटी साहेब ईदला यायला कबूल झाला.

ईदला आमच्याकडे तांब्याची भांडी लखलखलीच पाहिजेत. आदल्या दिवशी मी चिंच लावून हंडी घासली, तांब्या घासला. दाऊदभाई ऑफिसात होते. डबीतलं ते काळं नाणं दिसलं. साहेबापुढे हे असं ठेवणार? उरलेल्या चिंचेनं तेही घासलं. अगदी नवं कोरं दिसायला लागलं. मी खूश.

साहेबासमोर दाऊदभाईंनी डबी उघडली आणि त्यांचा हात तसाच राहिला. साहेबानं भिंगातून बराच वेळ पाहिलं. "जेन्युइन पॅटर्न," तो म्हणाला. मग वैतागून भिंग खाली ठेवलं. "बट हू क्लीन्ड इट? इट्स रूइन्ड!"

दाऊदभाईंनी माझ्या उतरलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"आय डिड, सर," ते म्हणाले.

साहेबानं त्यांच्याकडे अडाण्याकडे पाहावं तसं पाहिलं आणि तो निघून गेला. मी वाट पाहत राहिलो. एरवी क्षुल्लक गोष्टीवरून डोकं खाणाऱ्या माणसानं आज तरी शिव्या घालायच्या ना! इतका राग मला त्यांचा कधीच आला नव्हता, आणि रडूही आवरत नव्हतं. त्यांनी तांब्याभर पाण्यानं हात धुतले, पुसले आणि नाणं माझ्यापुढे केलं.

"खरं निघालं रे," ते म्हणाले. "घे, बघ. पण कडेला धर."