जानरावांचा खोकला

त्या साली वऱ्हाडात कापसानं माणसांना ओसरीवर काढलं होतं. दूर परमुलखात लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, आणि अमरावतीच्या बाजारात आमच्या कापसाला कुणी ऐकला नव्हता असा भाव आला. पुंजारामबाबांनी देवघर सोडून सगळं घर कापसानं भरलं. मधल्या खोलीतला ढीग आढ्याला टेकला. भर दुपारी तो आपोआप खचायचा, आत कुणी कूस बदलावी तसा. घरचं मांजर दिवाळीपासून दिसलं नव्हतं. त्याबद्दल कुणी बोलत नसे.

बाबांचा एकुलता एक मुलगा जानराव. हे माझे पणजोबा. त्यांची लेक जमुना नुकती चालायला लागली होती, पण बापाची मांडी तिला ठाऊक नव्हती. वडिलांदेखत आपलं लेकरू उचलणं, त्याला नावानं हाक मारणं तेव्हा निर्लज्जपणाचं होतं. लेकरू पडलं, रडलं की बापानं खोकायचं. खोकला ऐकून आतून बायको यायची आणि त्याला उचलून न्यायची.

"पोट्टीले वाटते, बाप मंजे नुसता खोकलाच," मैनाबाई नवऱ्याला चिडवायची.

"बाबा बसले रायतात न," जानराव म्हणायचे.

एका सकाळी अमरावतीच्या बाजारासाठी कापूस न्यायला अकोल्याचा अडत्या आला. त्याला घाई, म्हणून गड्यांनी वरून कापूस काढायचा सोडून खालूनच ओढला. पायथ्याशी गुहा पडली आणि वरचा डोंगर तसाच लटकत राहिला. गडी गाडीतला कापूस तुडवायला बाहेर गेले. बाबा ओसरीवर मधल्या खोलीच्या दाराकडे पाठ करून पाहुण्याशी बोलत होते. दाराशी उभ्या जानरावांना दिसलं, जमुना खिदळत त्या गुहेत शिरते आहे.

ते खोकले.

मैनाबाई विहिरीवर होती. ते पुन्हा खोकले, जोरात.

"जानराव, कापसाचं तूस बसलं वाटते छातीत," अडत्या म्हणाला. "गूळ खात जा."

बाबा हसले. वरचा कापूस किंचित पुढे झुकला. जानराव तिसऱ्यांदा खोकले.

कापूस पडताना आवाज होत नाही. दोन इवल्या टाचा दिसत होत्या, त्या दिसेनाशा झाल्या.

मग जानरावांनी ढिगात उडी घेतली. दोन्ही हातांनी उपसत ते आत आत गेले आणि बाहेर आले तेव्हा छातीशी जमुना होती, पांढरीफटक, निपचित. त्यांनी बोट घालून तिच्या तोंडातला कापूस काढला.

जमुना खोकली.

"ठेव तिले खाली," बाबा म्हणाले. "पावने बसले हायेत, दिसत नाही काय?"

"नाही ठेवत, बाबा."

बाबांनी तोंड फिरवलं. आतला ढीग पुन्हा एकदा खचला. जानराव लेकीला खांद्यावर घेऊन गाडीपुढे चालू लागले, आणि अमरावतीपर्यंत वाटेतली गावं त्यांना हसली.

जमुना माझी आजी. माझ्या बापानं मला चारचौघांत कडेवर मिरवलं, तेव्हा कुणाला त्यात काही वाटलं नाही. आजी मात्र, घरात कुणी पुरुष खोकला की हातातलं काम टाकून उठायची आणि लेकरं कुठं आहेत ते आधी पाहून यायची.